डावी पाकळी

रविवार, ९ नोव्हेंबर

माझ्या बाबांना आज लबाड ठरवलं गेलं, आणि तेसुद्धा मी काढलेल्या व्हिडिओवरून.

सकाळी देवळात कौल लावला. देवाला विचारायचं एवढंच होतं, की रवळनाथाची जत्रा यंदाही नेहमीच्या दिवशी, म्हणजे बुधवारी १० डिसेंबरला करायची, की मुंबईत राहणाऱ्या गावकऱ्यांच्या मंडळाच्या सोयीने रविवारी चौदाला केली तर चालेल. कौल लावायचा मान आमच्या घरात, गुरवांच्या. पाषाणावर तगरीच्या दोन पाकळ्या पाण्याने चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. बाबांनी आत हात फिरवला आणि म्हणाले, "डावी. देव नाय म्हणता." लोकांनी हात जोडले, गूळखोबरं खाल्लं, आपापल्या घरी गेले.

मंडळाने हौसेने नवी वेबसाइट केलीय. मालवणात स्टुडिओ असलेली गावची मुलगी म्हणून चित्रीकरण माझ्याकडे आलं. कौल मी थेट दाखवत होते. आम्ही जेवायला बसतोय तोच विश्वेशचा फोन. हा मंडळाचा सेक्रेटरी. लहानपणी मे महिन्यात आमच्याच पडवीत बसून आमचेच आंबे खायचा. म्हणाला, "गौरजा, राग मानू नकोस, पण तुझ्याच व्हिडिओत दिसतंय. डावी पाकळी चिकटलेली आहे. मग काकांचा हात तिच्यावर जातो. हात बाजूला होतो तेव्हा पाकळी नाही. काकांनी ती बोटाने काढली असं ग्रुपवर सगळे म्हणतायत."

उचलली जीभ लावली टाळ्याला! मी फोन आपटला आणि व्हिडिओ लावला. तसंच दिसतंय. अगदी तसंच.

"तुमी हात कित्याक लावल्यात?" मी बाबांना विचारलं.

"पाणी पुसूक."

"नेमका त्याच वक्ताक?"

ते जेवत राहिले. आई त्यांच्या पानातल्या बांगड्याचे काटे काढून देत होती. हा हल्लीचा नवा लाड. नवऱ्यावर एवढा आळ आलाय आणि ही काटे काढतेय! मी तशीच ताटावरून उठले.

सोमवार, १० नोव्हेंबर

बाबा खरे आहेत. माझ्याकडे पुरावा आहे.

काल थेट गेलं ते नेटवर्कवरून, पण कॅमेऱ्यातल्या कार्डावर मूळ चित्रीकरण तसंच्या तसं राहतं. सकाळी स्टुडिओ उघडल्या उघडल्या ते मोठ्या पडद्यावर लावलं. हात पोचायच्या आधीच डावी पाकळी सुटते, ओघळते, पडते. स्वच्छ. मी फक्त पाकळीवर नजर ठेवून पुन्हा पुन्हा बघितलं आणि टेबलावर मूठ आपटली. शेजारचा प्रीतम, स्कूबाचं बुकिंग घेणारा, काय झालं म्हणून धावत आला.

मग काल तसं का दिसलं? व्हिडिओ पाठवताना प्रत्येक चित्र पूर्ण पाठवत नाहीत, तेवढं परवडत नाही. एक चित्र पूर्ण जातं, आणि पुढच्यांत फक्त बदललं तेवढंच; बाकीच्याला यंत्र म्हणतं, मागच्यासारखंच समजा. देवळात नेटवर्कच्या दोनच काड्या, म्हणून यंत्र काटकसर करायला लागलं. काळा ओला पाषाण, समईचा उजेड आणि नखाएवढी पाकळी. यंत्राला वाटलं, एवढ्याशाने काय बिघडतं, मागच्यासारखंच. पुढचं पूर्ण चित्र येईपर्यंत बाबांचा हात मध्ये आलेला. हात निघाला, पाकळी नाही. चोरी केली यंत्राने आणि आळ बाबांवर. वड्याचं तेल वांग्यावर म्हणतात ते हेच.

हे सगळं विश्वेशला समजावलं. तो शिकलेला माणूस, त्याला कळलं. म्हणाला, "मग मूळ व्हिडिओ टाक ना साइटवर." टाकला. इतका जड, की कुणाच्या फोनवर चालतच नाही, नुसतं चक्र फिरत राहतं. आणि ग्रुपवर लोक लिहितात, "गुरवाची मुलगी व्हिडिओ लपवतेय." मी लपवतेय!

बुधवार, १२ नोव्हेंबर

भाई आले होते. देवस्थान समितीचे अध्यक्ष. चहा घेतला, पोह्यांचे पापड खाल्ले, आणि मग म्हणाले की तेवीस तारखेच्या रविवारी मुंबईवाले येतायत, सभा आहे. तोपर्यंत शंका फिटली नाही तर कौलाचा मान गंगारामकडे, म्हणजे बाबांकडे, ठेवायचा की नाही, ते ठरवावं लागेल.

चार पिढ्यांचा मान! माझ्या पणजोबांनी साथीच्या दिवसांत एकट्याने देवळात दिवा लावलाय. जत्रा कधी आहे ते बाजूलाच राहिलं, आता बाबांनी देवाच्या दारात खोटं केलं की नाही, हा प्रश्न झालाय.

गाभाऱ्यात बाबांच्या शेजारी उभा असलेला एकमेव माणूस म्हणजे हे भाई. मी म्हटलं, "तुमी तर थंयच होतात. तुमी काय बघलात?"

"माझे डोळे मिटलले गो. देवासमोर डोळे उघडे कोण ठेवता?"

बाई म्हणून मला उंबऱ्याच्या आत पाऊल टाकता येत नाही, माझा कॅमेरा बाहेर तिवईवर. आणि ज्यांना आत जाता येतं ते डोळे मिटून घेतात! हे मी त्यांच्या तोंडावर बोलले. आईने डोळे वटारले. बाबा पडवीच्या कठड्यावर बसून होते. भाई निघाले तेव्हा बाबांनी त्यांच्या चपला वाजल्या त्या दिशेला मान वळवून "येवा" म्हटलं. एवढं होऊनही येवा म्हणतात, इतका भला माणूस.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

कौलाची ती तीन मिनिटं वेगवेगळ्या पद्धतींनी दाबून, म्हणजे फाइल हलकी करून, बघतेय. देवगडच्या लग्नाचं काम तसंच पडलंय, नवरीचा दोनदा फोन आला. येऊ दे.

एच-२६४ ही यातली सगळ्यात जुनी पद्धत, डबड्या फोनवरही चालते. पण पाकळी दिसावी इतकं स्वच्छ ठेवलं की फाइल फुगते, आणि हलकी केली की पाकळी गेलीच. एच-२६५ मध्ये जवळजवळ निम्म्या वजनात पाकळी छान दिसली. मला आनंद झाला, भाईंना पाठवली. त्यांच्या फोनवर पडदा काळा. "हेच्यात नुसतो गंगाराम बोलता, दिसना काय नाय," म्हणाले. म्हणजे आता मी काळा पडदा पाठवून बाबांना वाचवतेय, असंही कुणी म्हणेल.

बाकी एव्ही-वन. कानामागून आली आणि तिखट झाली, तिच्याएवढं हलकं कुणीच करत नाही. माझं मशीन सकाळपासून घरघरत होतं तेव्हा कुठे दुपारी फाइल निघाली. पाकळी सुरेख. पण प्रीतमच्या जुन्या फोनवर लावली तर चित्र अडखळायला लागलं आणि फोन भाकरीच्या तव्यासारखा तापला. नाकापेक्षा मोती जड. शिवाय यातलं काहीही ग्रुपवर टाकलं की ग्रुप ते पुन्हा चिरडतो तो चिरडतोच.

एवढी मोठमोठी डोकी जगात यावर काम करतात. चित्रात काय महत्त्वाचं आणि काय नाही, हे ठरवायचा अधिकार त्या यंत्राला दिला कुणी? आमच्या घरचं सगळं त्या पाकळीवर आहे.

शनिवार, १५ नोव्हेंबर

आज मी बाबांवर ओरडले. लिहून ठेवते, कारण चूक त्यांचीच होती.

वेगवेगळ्या पद्धतींच्या चार क्लिप टॅबलेटवर घातल्या आणि घरी नेल्या. म्हटलं, साध्या माणसाच्या डोळ्याला कुठली बरी वाटते ते बघू. आईने "माका काय कळता?" म्हणून हात झटकले. बाबांनी टॅबलेट मांडीवर घेतला, मान कलती करून चारही क्लिप पूर्ण ऐकल्या. गाऱ्हाण्याच्या मध्येच त्यांना उदबत्तीच्या धुराने खोकला आलाय आणि दर वाक्याला म्हणतात तसं लोकांनी सवयीने त्या खोकल्यालाही "व्हय महाराजा" म्हटलंय. तिथे ते प्रत्येक वेळी हसले.

"पयली बरी," म्हणाले.

"कशात बरी?"

"खणखणीत आसा."

"बाबा, मी चित्राचा इचारतंय! आवाजाचा नाय."

"मगे सगळी सारकीच."

सारखीच! एकीत पाकळी दिसते, एकीत नाही, एकीत पाषाणावर चौकोन चौकोन उमटलेत, आणि हे म्हणतात सारखीच. मी आठवडाभर मरमर मरतेय ती कुणासाठी? तेच मी मोठ्याने बोलले. बाबांनी टॅबलेट माझ्याकडे म्हणून पुढे केला तो माझ्या हातात न येता जमिनीवर पडला. काचेला चीर गेली. मी आणखी चिडले.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

ठरवलं. खड्ड्यात गेली ती वेबसाइट. दाबणं नको, पाठवणं नको. कार्डच देवळात न्यायचं आणि प्रीतमचा स्टॉलवरचा मोठा टीव्ही सभामंडपात लावून मूळ चित्रीकरण सगळ्यांना दाखवायचं. प्रीतम एका शब्दाने तयार झाला.

घरी सांगितलं. बाबा माझ्या आवाजाकडे वळले. मग म्हणाले, "नको दाखवू गो."

"कित्याक?"

"देवाक म्हायत आसा. लोकांक काय दाखवचा?"

आईसुद्धा म्हणाली, "बापाशीचा ऐक जरा." दोघं एकदम! मला हे साधुपण कळतच नाही. खरं असलेल्या माणसाने गप्प बसायचं आणि खोटं बोलणाऱ्यांनी ग्रुपवर अंगठे दाखवायचे? मी स्पष्ट सांगितलं, तुमची अब्रू तुम्हाला नको असेल, मला हवी आहे. बाबा उठून भिंतीच्या कडेकडेने आत गेले.

रविवार, २३ नोव्हेंबर

जमेल तेवढं लिहिते.

सकाळी सभामंडप भरलेला. विश्वेश आणि मंडळाचे दोघं पुढे, भाई खांबाशी, बाबा त्यांच्या नेहमीच्या जागी गाभाऱ्याच्या उंबऱ्याजवळ. मी उभी राहून चढ्या आवाजात सांगितलं, की हे कुणीही न दाबलेलं, न कापलेलं चित्रीकरण आहे, आणि ज्यांनी ज्यांनी जीभ उचलली त्यांनी डोळे उघडे ठेवून बघावं. शेवटचं भाईंकडे बघून म्हटलं.

चालू केलं. पाकळी सुटली, ओघळली, पडली. मग हात आला. "पडली मरे! हात लावच्या आधीच पडली!" मागून कोणतरी ओरडलं. विश्वेश उभा राहिला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "माझी चूक झाली. काका, मला माफ करा."

इथे थांबायला हवं होतं. झालं होतं सगळं. पण मला एवढ्याने पुरेना. दोन आठवडे माझ्या बापाला लबाड म्हटलंत आणि आता एका वाक्यात मोकळे? मी म्हटलं, "एकदा बघून भागणार नाही. नीट बघा," आणि तेच पुन्हा सुरू केलं, अगदी सावकाश.

सावकाश चालवल्यावर पाकळी पडायला जेवढा वेळ लागला त्याच्या कितीतरी जास्त वेळ बाबांचा हात पडद्यावर होता. तो आधी उजवीकडे गेला. उजव्या पाकळीवर थांबला, तिच्या कडेने एक बोट फिरलं. मग पाषाणावरून चाचपत डावीकडे आला, जागा ओलांडून पुढे गेला, मागे फिरला, आणि रिकाम्या ओल्या जागेवर बोटं घासत राहिली. कोपऱ्यात त्यांचा चेहरा दिसत होता. तो पाषाणाकडे नव्हताच, समईच्या उजेडाकडे वळलेला होता. पडलेली पाकळी त्यांच्या पायाशी होती आणि तिच्यावर त्यांचा पाय पडला. मग ते म्हणाले, "डावी."

मी हे इतक्या वेळा बघितलं होतं. पाकळीच बघितली होती.

भाई खांब सोडून पुढे आले आणि हळूच म्हणाले, "गंगाराम, तुका दिसता मां रे?"

"उजेड दिसता," बाबा म्हणाले. "माणूस जवळ इलो की कळता. पाकळी दिसना नाय."

"कदीपासून?"

"गेल्या जत्रेपासून."

"मगे तेच्यानंतरचे कौल?"

"बोटांक कळता, भाई. एक तरी खोटो सांगलंय काय? आता बघलात मां तुमी."

विश्वेशने मान खाली घातली होती. बाबा उंबऱ्याला हात लावून उठले. "पाकळ्ये आता आमचो धनेश लावतलो. माझ्या भावाचो झील, मान घरातच रवतलो."

"आमी तुका सोड म्हणूक नाय," भाई कळवळून म्हणाले.

"म्हणाक नाय तुमी. पण पुढच्या कौलाक सगळे माझ्या बोटांकडे बघतले. देवाकडे कोण बघतलो?"

घरी येताना त्यांनी माझा खांदा धरला. आजवर कधी धरला नव्हता. पाणंदीत वळणावर म्हणाले, "इतक्या स्वच्छ कित्याक दाखवलंस गो?" रागाने नाही म्हणाले. रागाने म्हणाले असते तर बरं झालं असतं.

सोमवार, २४ नोव्हेंबर

पंधरा तारखेचं पान वाचलं. "चूक त्यांचीच होती." हे माझ्याच अक्षरात आहे.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

बाबांना घेऊन एसटीने ओरोसला डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. मोतीबिंदू असेल, काढला की झालं, अशी मनाची समजूत घातली होती. काचबिंदू निघाला. गेलं ते परत येत नाही, उरलंय ते रोज थेंब घालून टिकवायचं. आधी आणलं असतं तर जास्त टिकलं असतं, असं डॉक्टर अगदी साध्या आवाजात म्हणाले.

घरी येऊन आईशी भांडले. तुला ठाऊक होतं, तू काटे काढत बसलीस, मला एका शब्दाने बोलली नाहीस! आई चुलीकडे बघत म्हणाली, "तेना शपथ घातल्यान माका. मान गेलो तर मी घरात बसान काय करू, म्हणी." मग पदराने नाक पुसून म्हणाली, "आणि तुका कसा सांगतलंय? तू खंय कोणाचा ऐकतंस?"

खरं तेच बोलली ती. त्याचाही राग आला.

सोमवार, १ डिसेंबर

विश्वेशचा फोन. आधी बाबांची चौकशी केली, मनापासून केली. जत्रा बुधवारीच होणार, मंडळ रजा काढून येणार. आणि मग म्हणाला, "तो दिवस सगळ्यांच्या लक्षात राहिलाय गं. काय क्लॅरिटी होती! जत्राही तशीच दाखवशील का? फॉरमॅट तू म्हणशील तो."

मी त्याला जे बोलले ते इथे लिहीत नाही. माझ्या बापाचा मान गेला आणि ह्यांच्या लक्षात क्लॅरिटी राहिली. जत्रेला कॅमेरा नेणार नाही, एवढं मात्र नीट शब्दांत सांगितलं.

बुधवार, ३ डिसेंबर

चुलतभाऊ धनेश आला होता. कुडाळला मेडिकलच्या दुकानात असतो, गरीब मुलगा. बाबा रोज त्याला गाऱ्हाणं सांगतात, पण म्हणाला, "काकानू सांगल्यानी काय घराकडे जायसर इसारतंय. तुझ्याकडे तेंचा रेकॉर्डिंग आसा मां?"

कार्ड काढलं. चित्र मला बघवत नव्हतं. मग चित्रच काढून टाकलं, नुसता आवाज ठेवला. फाइल एवढीशी झाली. धनेशच्या फोनवर गेली, भाईंच्या गेली, आईच्या बटणांच्या फोनवरही गेली. कुठे अडखळली नाही, कुठे चक्र फिरलं नाही. बाबांनी तो फोन कानाला लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं आणि खोकल्याला हसले.

"ह्या बरा केलंस," म्हणाले.

बुधवार, १० डिसेंबर

जत्रा.

धनेश नवं धोतर नेसून गाभाऱ्यात उभा होता, घामाने निथळत. बाबा माझ्याबरोबर बाहेर, लोकांत. जन्मात कधी ते त्या बाजूला उभे राहिले नव्हते. कुठे उभं राहायचं तेच त्यांना कळेना, दोनदा उंबऱ्याकडे जायला निघाले. मी हात धरून ठेवला.

"बा देवा रवळनाथा, आज ही तुझी लेकरां तुझ्या पायाकडे इली आसत महाराजा..."

"व्हय महाराजा!"

शब्द बाबांचे, चढउतार बाबांचे, कुठे दम घ्यायचा तेसुद्धा बाबांचं. मला रडू यायला लागलं आणि त्याच वेळी रागही आला, कारण आवाज तेवढा दुसऱ्याचा होता. गाऱ्हाणं मध्यावर आलं. "...जो कोण रुसलो असात, फुगलो असात..." इथे धनेश थांबला. छाती भरून घेतली आणि खोकला. दोनदा. बाबा खोकले होते तसा, तिथेच, तेवढाच. बिचाऱ्याने तोही पाठ केला होता.

मी कपाळावर हात मारला. बाबांचा हात माझ्या हातात हलला, बघते तर ते गदगदून हसत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मग त्यांनी मान ताठ केली, गाभाऱ्याकडे तोंड केलं, आणि सगळ्या गावाबरोबर, सगळ्यांच्या वर आवाज चढवून, त्या खोकल्याला म्हणाले,

"व्हय महाराजा!"